कमानीवरचे हात

खुर्शीदबीचा विश्वास कुणावर सहज बसायचा नाही, आणि बसलाच तर लवकर उठायचा. भाजीवाल्याच्या तराजूखाली ती हात घालून पाहायची. रिक्षात पाय ठेवण्याआधी रिक्षाचा नंबर मनात दोनदा म्हणायची. अकोल्याच्या बैदपुऱ्यात जिथे तिचं सगळं आयुष्य गेलं, तिथल्या बायका हसून म्हणायच्या, "खुर्शीदबी आईचं दूध बी पानी हाये का पाहूनच पेली असंन." तिला राग यायचा नाही. "पाहाच लागते," ती म्हणायची. "जो पाहात नाई, थो मांगून रडते."

तिचा नवरा नासिर पिंजारी होता. पिंजाऱ्याची कमान माणसाच्या उंचीची असते. लाकडाचं धनुष्य म्हणा ना, आणि त्याला ताणून बांधलेली आतड्याची तात. ती छताला टांगायची, तात कापसाच्या ढिगात बुडवायची आणि डमरूसारख्या लाकडी मुठ्यानं तिच्यावर टोले हाणायचे. तात थरथरली की दबलेला कापूस सुटा होतो, धुक्यासारखा वर उडतो. दिवाळी झाली की नासिर कमान खांद्यावर टाकून निघायचा. तेल्हारा, पातूर, मधली सगळी खेडी. लग्नाघरच्या गाद्या, रजया भरून द्यायच्या आणि संक्रांतीला घरी यायचं.

चाळिशी गाठता गाठता त्याची छाती धरली. वीस वर्षं कापसाचा बारीक धुरळा नाकातोंडातून आत जात होता, त्यानं आता आपली जागा मागितली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, कमानीला पुन्हा हात लावायचा नाही. हे १९९५ सालचं. सबीहा, त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा चौथीत होती.

मग खुर्शीदबीनं कमान हातात घेतली. आतल्या खोलीत, दार लावून. नासिर बाहेरच्या ओट्यावर बसून गिऱ्हाईक घ्यायचा, माप लिहायचा, तयार गादी उचलून द्यायचा. बाई कापूस पिंजते हे मोहल्ल्यात कळलं असतं तर चार तोंडांनी चार गोष्टी झाल्या असत्या, म्हणून कुणाला सांगितलंच नाही. गिऱ्हाइकं उलट म्हणू लागली, "नासिरमियाँ, तुमचा हात लय हलका झाला आता. गादी अशी कधी भरली नव्हती तुमी." नासिर पडद्याआड येऊन म्हणायचा, "सुना? तेरा हाथ हल्का है." आणि हसता हसता खोकायला लागायचा. अकरा वर्षं असं चाललं. खुर्शीदबीला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. हात तिचे होते, नाव घराचं होतं.

२००६ साली नासिर गेला. तोवर धंदाही गेल्यासारखाच होता. बाजारात फोमच्या गाद्या आल्या होत्या, कापूस पिंजायला मशीन आलं होतं. आणि ज्या खेड्यांतून लग्नाच्या गाद्या सांगून यायच्या, तिथे लग्नंच पुढे ढकलली जात होती. रोज पेपरात शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी आणि कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव यायचं. खुर्शीदबीला मराठी वाचता येत नव्हतं, पण शेजारणीनं नाव वाचून दाखवलं की नासिर त्या गावात कुणाकडे उतरायचा हे ती सांगायची.

काही वर्षांनी शहरातल्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, शेडमध्ये कापसाचं संग्रहालय निघालं. एका ट्रस्टनं काढलं होतं. अध्यक्ष भगवंतराव, निवृत्त वकील, शब्दाला पक्के पण कानाला थोडे मोठ्या लोकांकडे झुकलेले. कमान मागायला ते स्वतः बैदपुऱ्यात आले.

"संग्रहालयात लोक पाहतील, खुर्शीदबी. नासिरमियाँचं नाव राहील."

"कमान भेटंन, वकीलसाहेब," ती म्हणाली. "पन तिच्यासंगं मी बी येईन."

अशी ती तिथे लागली. सकाळी दार उघडायचं, चरखे-तकल्या पुसायच्या, आणि शाळा आल्या की कमानीशी उभं राहून पोरांना समजावून सांगायचं. कमान कुणी उचलून नेत तर नाही ना, हे पाहणं तिनं आपलं आपणच कामात धरलं होतं.

२०१७ च्या हिवाळ्यात पुण्याहून तिघं-चौघं आले. त्यांचा म्होरक्या गौरांग, तिशीतला, बोलायला गुळाची ढेप. त्याच्याबरोबर इशिता नावाची मुलगी, तिनं तोंड फारसं उघडलंच नाही. गौरांगनं एक काळा डबा दाखवला. डोळ्यांवर बांधायचा, मागून पट्टा.

"हा व्हीआर चष्मा, मावशी. मुलं हा लावतील आणि त्यांना वाटेल आपण पिंजाऱ्याच्या खोलीतच उभे आहोत. मान वळवली की मागची भिंत दिसेल. खाली पाहिलं की कापूस. पुस्तकात वाचून जे दहा दिवसांत कळत नाही ते दहा मिनिटांत कळतं."

"अन् कमान?"

"ती पण दिसेल ना."

"दिसंन. पन राहीन कुठी?"

गौरांग हसला. खुर्शीदबी हसली नाही. खरी वस्तू डब्यात घेतली की खऱ्या वस्तूचं यांना काय काम, असा तिचा हिशोब होता. पुण्या-मुंबईच्या बंगल्यांत जुनी जाती, जुने दरवाजे भिंतीला लावतात हे तिनं ऐकलं होतं. हे लोक कमान फिरत्या पाटावर ठेवून चारही अंगांनी फोटो काढत होते. शेकडो फोटो. ती स्टूल घेऊन पाटाला गुडघा टेकवून बसली. दिवसभरात पाण्याला उठली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला कमान चालवून दाखवायला सांगितलं. कापूस तिनंच आणला होता, बाजारातून. त्या साली गुलाबी अळीनं बोंडं आतून पोखरली होती. जो कापूस येत होता तो पिवळट, डागी. वऱ्हाडात त्याला कवडी म्हणतात. गौरांगनं नाक मुरडलं.

"पांढरा नाही का मिळणार?"

"यंदा पांढरा कोनाच्याच घरी नाई, बावा."

इशितानं तिच्या दोन्ही हातांत काळे मोजे चढवले. प्रत्येक बोटावर पांढऱ्या मण्यांसारखे ठिपके होते.

"हे कायले?"

"हातांची हालचाल टिपायला, मावशी."

हालचाल टिपा, हात तर माझ्यापाशीच आहेत, असं मनात म्हणून ती उभी राहिली. अकरा वर्षांनी तिनं मुठ्या पुरता चालवला. पहिला टोला, दुसरा टोला, तिसरा हलका, आणि मग नखाची पाठ तातीवरून ओढून चिकटलेला कापूस झाडायचा. अर्धा तास चाललं. मधे तिला खोकला आला, तेव्हा ते थांबले, ती पाणी प्यायली, पुन्हा सुरू झालं.

शेवटी एक कागद आला, सहीसाठी. तिनं तो घडी करून ओढणीच्या टोकाला बांधला. "लेक येईन तवा सही होईन." गौरांगनं भगवंतरावांकडे पाहिलं, भगवंतरावांनी छताकडे पाहिलं.

रविवारी सबीहा अमरावतीहून आली. ती तिकडे शाळेत शिकवत होती, वलगाव रोडला सासर. तिनं कागद दोनदा वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. हातांच्या हालचाली कोणत्याही स्वरूपात वापरायचे सर्व हक्क कंपनीकडे, असं काहीसं होतं.

"अम्मी, ये ठीक नहीं लगता. 'कोणत्याही स्वरूपात' का मतलब कुछ भी हो सकता है."

"ले जाने दे. हवा है वो," खुर्शीदबी म्हणाली. "कमान का क्या लिखा है?"

कमानीचं काहीच लिहिलं नव्हतं. तेवढ्यानं तिच्या संशयाला पाय फुटले. सोमवारी तिनं भगवंतरावांना त्यांच्याच पेनानं कागदाच्या तळाशी लिहायला लावलं की, ही कमान संग्रहालयाच्या फाटकाबाहेर कधीही जाणार नाही. मग उर्दूत वळणदार सही केली, आणि त्या आठवड्यात तिला फार चांगली झोप लागली.

मार्च महिन्यात सबीहाचा फोन आला. अमरावतीला एका कॉलेजच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरलं होतं. शाळांमधून तो चष्मा कसा वापरायचा, संग्रहालयातून मुलांना कसं शिकवायचं, असं काही. सबीहा आपला वर्ग घेऊन गेली होती. भगवंतराव तिथे दोन दिवसांपासून होते, हे खुर्शीदबीला ठाऊक होतं. तिला कुणी चल म्हटलं नव्हतं.

"अम्मी, आप आओ. फोन पे नहीं बता सकती."

"कमान तर इथीच हाये," खुर्शीदबी मराठीतच बोलून गेली. खरंच, तिच्या डोळ्यांसमोर टांगलेली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरून ती निघाली. मूर्तिजापूरला बस अर्धी रिकामी झाली तरी ती पिशवी मांडीवरच धरून बसली. काय झालं असेल याचा तिनं वाटेत चारही बाजूंनी विचार केला. कमान अकोल्यात आहे, म्हणजे चोरी नाही. मग सबीहाचा आवाज तसा का होता?

हॉलमध्ये पोरांची ही रांग. गौरांगनं बुरख्यातल्या बाईला आधी ओळखलं नाही. ओळखलं तेव्हा तोंडभर हसला आणि तिला फिरत्या खुर्चीवर बसवून स्वतःच चष्मा बांधून दिला.

आधी काळोख. मग एकदम खोली. मातीच्या भिंती, कोनाड्यात कंदील, छताला कमान. तिची कमान, वरच्या टोकाला नासिरनं बांधलेली तांब्याची तारसुद्धा होती. तिनं मान वळवली तर खरंच मागे भिंत. कमानीशी एक माणूस उभा होता. डोक्याला फेटा, जाड मिशा, मनगट केळीच्या कांद्यासारखं. कापूस दुधासारखा पांढरा उडत होता.

हा कोण, असं ती पाहत राहिली. मग तिची नजर त्याच्या हातांवर गेली.

पहिला टोला, दुसरा टोला, तिसरा हलका. मग नखाची पाठ तातीवरून. नासिर असं कधी करत नव्हता. कुठलाच पिंजारी करत नव्हता. तिचे हात आखूड, म्हणून तिनं आपल्यापुरती काढलेली ती युक्ती होती. आणि डाव्या हाताची करंगळी बाहेर ताठ. लहानपणी दारात सापडून मोडलेली, वाकडी सांधलेली तिची करंगळी त्या दांडग्या माणसाच्या पंजावर उभी होती.

खुर्शीदबीचा हात समोर झेपावला. तो शेजारी उभ्या सबीहाच्या खांद्याला लागला. तिनं चष्मा ओढून काढला.

"माह्ये हात," ती म्हणाली. "माह्ये हात कापून ह्या मानसाले लावले."

रांगेतली पोरं वळून पाहू लागली. गौरांग खाली वाकून समजावू लागला. भगवंतराव पुढच्या खुर्चीवरून उठून आले.

"खुर्शीदबी, हळू बोला. पाहुणे आहेत."

"हा मानूस कोन हाये, वकीलसाहेब?"

"अहो, पिंजारी म्हटला की लोकांच्या डोळ्यापुढे पुरुषच येतो. बाई दाखवली असती तर कुणाला पटलं नसतं."

"म्या इचारलं, कोन हाये?"

"कुणी नाही, मावशी," गौरांग म्हणाला. "मॉडेल आहे ते. तयारच होतं आमच्याकडे. त्याला फक्त तुमच्या हालचाली..."

"म्हंजे कोनीच नाई. अन् त्या कोनीच नाईले माह्ये हात." तिचा आवाज चढला नव्हता, पण हॉलच्या टोकापर्यंत ऐकू जात होता. "अकरा वर्ष नासिरच्या नावानं गाद्या गेल्या. म्या एक शबुद काढला नाई. थो माहा मानूस होता. हा माहा कोन लागते?"

भगवंतराव म्हणाले, "कागदावर तुमची सही आहे."

परतीच्या बसमध्ये तिनं तो कागद मनात उलगडून पाहिला. दाराला तिनं चांगलं भक्कम कुलूप घातलं होतं, त्यावर हात फिरवून खात्रीही केली होती. आणि खिडकी उघडीच राहिली होती. सबीहानं बोट ठेवून दाखवलेली खिडकी. आयुष्यभर तराजूखाली हात घालून पाहणाऱ्या बाईला स्वतःच्या हातांकडे पाहायचं सुचलं नाही, याचा तिला सगळ्यात जास्त राग आला.

एप्रिलमध्ये चष्मे अकोल्याच्या संग्रहालयात आले. सहा खुर्च्या, सहा डबे. खुर्शीदबीनं नोकरी सोडली नाही. ती त्या खोलीच्या दारात उभी राहू लागली. प्रत्येक पोराला आत सोडताना सांगायची, "आत एक मिशावाला हाये. थो खोटा हाये. हात माह्ये हायेत." आणि डावी करंगळी दाखवायची. पोरं आत जाऊन खोलीबिली काही पाहत नसत, नुसती करंगळी शोधत. बाहेर आली की ओरडत, "हाये! हाये! आजीचीच हाये!"

एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी लेखी तक्रार केली की, संग्रहालयाची कर्मचारी मुलांना संग्रहालय खोटं आहे असं सांगते. भगवंतरावांनी तिला ऑफिसात बोलावलं.

"हे बंद करा, खुर्शीदबी."

"बंद नाई होनार. मले काढून टाका."

"तुम्हाला वाटतं मी काढणार नाही?"

"मले काहीच वाटत नाई. वाटून घेनं म्या सोडलं."

भगवंतराव बराच वेळ समोरच्या फायलीची नाडी गुंडाळत, सोडत बसले. मग म्हणाले, "आमच्या मंगलच्या लग्नात तुमच्याकडून गाद्या नेल्या होत्या. नव्व्याण्णव साल. नासिरमियाँचं काम पाहून व्याह्यांनी पत्ता मागितला होता."

"सा गाद्या," खुर्शीदबी म्हणाली. "दोन लोड. तवा नासिरनं कमान सोडून चार वर्ष झाली होती, साहेब."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तसे ते उठले, चष्म्याच्या खोलीत गेले आणि डबा बांधून बसले. दहा मिनिटांचा तो खेळ. ते अर्धा तास बसले. बाहेर आले तेव्हा कपाळावर पट्ट्याचा वळ उठला होता.

"करंगळी दाखवा पाहू."

तिनं दाखवली. त्यांनी ती जवळून पाहिली, मान हलवली आणि ऑफिसचं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुण्याला पत्र गेलं. पत्रात काय होतं ते तिला कुणी सांगितलं नाही, आणि चांगलंच काही असेल असं तिनं धरलंही नाही.

आखाडात इशिता आली. एकटीच, पाठीवर पिशव्या. खुर्शीदबीनं तिला खुर्ची दिली नाही.

"तुले कोनी धाडलं?"

"कंपनीनं. ते पुन्हा करायचंय, या वेळी तुम्हालाच दाखवून. हे काम मीच मागून घेतलं."

"काहून?"

"मला तेव्हाच माहीत होतं," इशिता म्हणाली. "हात तुमचे, आणि अंगाला दुसरा माणूस लावायचं ठरलंय, हे. मी बोलले नाही."

"काहून नाई बोलली?"

"नोकरी नवी होती. भीती वाटली."

खुर्शीदबीनं तिच्याकडे नीट पाहिलं. या उत्तरात गूळ नव्हता. तिनं पायानं स्टूल पुढे सरकवलं.

विश्वास मात्र बसला नाही. नवा कागद या खेपेला सबीहानं लिहिला, एकेक ओळ मराठीत आणि उर्दूत. चेहरा खुर्शीदबीचा, अंग खुर्शीदबीचं, नाव खुर्शीदबीचं. आणि दाखवण्याआधी ती स्वतः पाहील. सही झाल्यावरही तिनं इशिताला लगेच काम करू दिलं नाही. आधी कमानीशी उभं केलं, मुठ्या हातात दिला. "जे टिपाले आली थे आंधी करून पाह्य." दुपारभर टोले हाणून इशिताच्या तळव्याला दोन फोड आले आणि कापूस जिथल्या तिथे राहिला. संध्याकाळी खुर्शीदबीनं तिला घरी नेऊन जेवू घातलं. मिरचीची भाजी खाताना इशिताच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी ती नको म्हणाली नाही.

जेवताना इशितानं भिंतीवरच्या नासिरच्या फोटोकडे पाहत विचारलं, "यांचा फोटो आहे, तर यांनाही दाखवता येईल. बाहेर ओट्यावर बसलेले. हलतील, हसतीलसुद्धा."

"नाई." खुर्शीदबीचा हात ताटात थांबला. "गेलेल्या मानसाले डब्यात नोका घालू. थो काही मले इचारून हसनार नाई."

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा काळे मोजे, पुन्हा ठिपके. या वेळी चेहऱ्याभोवतीही कॅमेरे फिरले. कापूस पिंजता पिंजता तिला मधेच उबळ आली, वाकून वाकून खोकली. इशितानं पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. "काळजी नका करू, हे काढून टाकू आपण."

थंडीत ते तयार झालं. दाखवण्याआधी ठरल्याप्रमाणे इशिता चष्मा घेऊन आली. भगवंतराव दारापाशी उभे राहिले. खुर्शीदबी बसली.

तीच खोली. कमानीशी एक बाई पाठमोरी उभी होती. डोक्यावरची ओढणी मानेशी घसरलेली, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली, पाठीला बाक. तिला आधी वाटलं, ही आपली सासू. मग तिनं करंगळी पाहिली. साठ वर्षांत स्वतःची पाठ तिनं कधी पाहिली नव्हती; कोण पाहतं? ती खुर्चीवरून उठली, चार पावलं चालून त्या बाईच्या बाजूला गेली. चेहरा कामात गुंतलेला होता, ओठ किंचित हलत होते. टोले मोजत असणार. खुर्शीदबीचेही ओठ हलले.

भगवंतरावांना वाटलं, रडते आहे. तिनं चष्मा काढला तेव्हा डोळे कोरडे होते.

"कापूस पांढरा काहून?"

इशितानं तोंड उघडलं, पण खुर्शीदबी पुढे बोलत होती. "म्या कवडी पिंजली. दोन्ही खेपा. अन् खोकला कुठी गेला?"

"तो काढला, मावशी. म्हटलं होतं ना मी."

"काहून काढला? हवा कशी सपा चकचकीत हाये तिथी. धुरळा नाई, खोकला नाई. नासिर खोकून खोकून मेला. अन् पोट्ट्याइले वाटंन, कापूस पिंजनं म्हंजे नाच हाये." तिनं डबा इशिताच्या हातात ठेवला. "ती बाई मी नाई. तिले छाती नाई."

इशितानं तिथूनच गौरांगला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. गौरांग म्हणाला, लहान मुलं पाहणार, खोकल्यानं घाबरतील, पालक काय म्हणतील. खुर्शीदबीनं फोनला तोंड लावून सांगितलं, "मी साठ वर्साची झाली, मी बी घाबरतो त्या खोकल्याले. घाबरू दे." भगवंतराव दारापासून पुढे आले. त्यांनी घसा साफ केला आणि वकिली आवाजात म्हणाले की, दाखवण्याआधी यांची मान्यता घ्यायची असं कागदावर आहे, आणि यांची मान्यता नाही.

खोकला परत आला. जपून ठेवलेला होताच, इशितानं तो जागेवर बसवला. धुरळाही थोडा घातला. कापूस मात्र पांढराच राहिला. तो बदलायचा तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं, आणि तेवढं करायला कुणी तयार झालं नाही. खुर्शीदबीनं त्यावर आठ दिवस हट्ट धरला, मग सोडला. पण सोडला तो आपल्या पद्धतीनं.

आता ती दारात उभी राहून आधी काही सांगत नाही. पोरं चष्मा काढून बाहेर येतात तेव्हा प्रत्येकाला थांबवते आणि विचारते, "काय खोटं दिसलं?"

पहिल्यांदा पोरं गोंधळायची. मास्तर लोकांना ते रुचत नव्हतं. संग्रहालयात खोटं कसं असेल, असं एक जण तिला ऐकवून गेला. पण खेड्यांतल्या पोरांना कळायला वेळ लागला नाही. "कापूस, आजी. यवढा पांढरा आमच्याकडं यंदा कुठी होता?" हे उत्तर इतक्यांदा आलं की तिनं सांगून टाकलं, ते धरायचं नाही, दुसरं सांगा. मग पोरं आत डोळे फाडून पाहू लागली. कुणी म्हणालं, खोलीत माशी नाही. कुणी म्हणालं, त्या भिंतीला पोपडे नाहीत. खोकल्याची उबळ सुरू झाली की काही जण फिदीफिदी हसायची, काही एकदम थांबायची. एका पोरीनं बाहेर येऊन सांगितलं की, तिची मामी जिनिंगमध्ये जाते, ती अशीच खोकते. खुर्शीदबीनं तिला मामीचं नाव विचारून घेतलं आणि ओढणीनं तोंड बांधून जायला सांग, असा निरोप दिला.

गेल्या महिन्यात तेल्हाऱ्याकडची एक शाळा आली होती. रमा नावाची सातवीतली मुलगी, दोन वेण्या, बोलायला फटकळ. सगळी पोरं निघून गेली तरी ती चष्मा लावून बसली होती. शेवटी बाहेर आली.

"काय खोटं दिसलं?"

"तुमची सावली नाई, आजी."

"कसं म्हंते?"

"कंदील कोनाड्यात हाये ना? कमानीची सावली जमिनीवर पडते. कापसाच्या ढिगाची बी पडते. तुमचीच नाई पडत."

खुर्शीदबीनं इतक्या वेळा ते पाहिलं होतं. हात पाहिले होते, करंगळी, खांदा, पाठ. खोकला रोज सकाळी तपासत होती, कुणी पुन्हा काढला तर नाही ना म्हणून. जमिनीकडे पाहिलंच नव्हतं. ती रमाला घेऊन आत गेली, डबा बांधला आणि खाली मान घालून उभी राहिली. कमानीची लांब सावली मातीवर हलत होती. ढिगाची होती. बाईच्या पायाशी नुसता उजेड.

चष्मा कपाळावर सरकवून तिनं तिथेच उभ्या उभ्या इशिताला फोन लावला.

"माही सावली कोनं ठेवून घेतली?"

पलीकडे इशिता गडबडली. "सावली? थांबा मावशी, उघडून पाहते. दोन मिनिटं द्या."

"पाह्य," खुर्शीदबी म्हणाली. फोन कानाला तसाच धरून तिनं चष्म्याचा पट्टा सैल केला आणि तो रमाकडे पुढे केला. "तू आत जाऊन पुन्ना एकडाव नीट पाह्यून ये. अजून काय काय नाई, थे सांग."